त्रेचाळिसावं पिल्लू

१० एप्रिल, शुक्रवार

बॅगा तीन, पिशव्या पाच. एक पिशवी नुसती अण्णांच्या गोळ्यांची आणि डोळ्यांच्या थेंबांची. प्र. म्हणतो, एवढं सामान घेऊन लोक कायमचं गाव सोडतात. नवऱ्याला बोलायला काय जातंय, त्याने फक्त गाडीच्या चाकात हवा भरून आणली.

सुट्टी खरं तर अण्णांची. एक डोळा काचबिंदूने गेला, दुसऱ्याचं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात स्पष्टच सांगितलं. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "सूनबाई, दिसतंय तोवर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायचीत." सासरा म्हणून सोळा वर्षांत या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी त्याच दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. आवक-जावकच्या टेबलावर मीच बसते, त्यामुळे आवकचा शिक्काही मीच मारला.

पाळकसाहेबांचा फोन. मेमधल्या मुलांच्या सुट्टीच्या शाळेचा विषय 'देवाची निर्मिती'. "सरोजताई, पिल्लांचा चांगला व्हिडिओ काढून आणा. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावू." आणला म्हणूनच समजा म्हटलं. मी व्हिडिओ छान काढते. इथे लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे.

११ एप्रिल, शनिवार

पहाटे पाचला सीवूड्स सोडलं. पेणला मिसळ. बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत. हन्ना कठड्याला आणि अण्णा हन्नाला धरून. नऊ वर्षांची पोर आजोबांचे डोळे झालीये. "आजोबा, पांढरा पक्षी, पोट पांढरं, पंख राखाडी, खूप मोठा." अण्णा लगेच, "समुद्रगरुड! शेपटी बघ, शेपटी!" बोटीतले लोक बघत होते. पूर्वी मला लाज वाटायची त्यांच्या अशा ओरडण्याची. आता सवय झाली.

मग ती वही निघाली. काळ्या पुठ्ठ्याची, 'पाहिलेले जीव'. तारीख, जिवाचं नाव, ठिकाण, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'धन्यवाद'. शाळेत शिक्षक म्हणून लागल्यापासून लिहितात. त्यात वाघ एकदाच आहे आणि मुंगळा पंधरा वेळा. मी एकदा विचारलं होतं, मुंगळ्याचे कसले आभार? म्हणाले, "तोही त्यानेच केलाय ना. आवडीने केलेला दिसतो."

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. अंडी पुरलेली जागा जाळीने बंद केलेली, तिथे टोपल्या उपड्या घातलेल्या. गणूमामा सांभाळतात, गावचेच, साठीचे. एकेक टोपली उचलून बघितली. "आज काय नाय. उद्या सकाळी या. आनि आयका, दोरीच्या आत कोनी पाय टाकायचा नाय. चपला भायेर. पिल्लू वाळूच्या रंगाचा, दिसत नाय."

लोक चरफडत परत गेले. अण्णा वाळूवर बसूनच राहिले. म्हणाले, "बोलावल्याबरोबर आली असती तर ती कासवं कसली, ती विद्यार्थी."

१२ एप्रिल, रविवार

दुपार. सगळे जेवून आडवे झालेत.

सकाळी सहालाच गेलो. टोपली उचलली आणि खाली वाळू नुसती हलत होती. गणूमामांनी मोठ्याने मोजली, त्रेचाळीस. हन्नाच्या तळहाताएवढीसुद्धा नाहीत. दोन दोऱ्यांच्या मधल्या वाटेत ठेवली. थोडा वेळ काहीच नाही. मग एकाने मान वर केली आणि सगळी चालू लागली, पाण्याकडे तोंड करून. कोणी सांगितलं त्यांना? आई नाही, वाट नाही, आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही.

अण्णा पाण्याजवळच्या टोकाला दोरीबाहेर चक्क पोटावर झोपले. काठी शेजारी आडवी. शर्ट, दाढी, सगळं वाळूत. हन्ना त्यांच्या कानाशी: "एक पोचलं. लाटेनं मागे टाकलं. परत निघालं. गेलं!" आणि अण्णा, "धन्यवाद." पुढचं गेलं की पुन्हा, "धन्यवाद." प्रत्येकाला वेगळं. मला रडू आलं. आज रविवार असून उपासनेला नाही याची सकाळपासून रुखरुख होती, ती गेली. यापेक्षा मोठी उपासना मी पाहिलेली नाही.

शेवटी एक वाईट झालं. अण्णा गणूमामांचे आभार मानायला वर चालत आले तेव्हा त्यांच्या काठीखाली एक पिल्लू आलं. अण्णांना फार लागलं. त्यांना दिसत नाही, त्यांचा काय दोष. असो.

१३ एप्रिल, सोमवार

काल इथे खोटं लिहिलं.

स्वतःच्या वहीत. कोणी वाचत नाही अशा वहीत. शिक्का मारावा तसं सफाईने लिहिलं आणि 'असो' म्हणून मोकळी झाले.

आता जे झालं ते. मी वरच्या टोकाला होते. दोरीबाहेरून व्हिडिओत लोकांचे पायच येत होते. मोठ्या पडद्यावर लोकांचे पाय कोण बघणार? म्हणून एक पाय आत टाकला. सँडल होतं पायात, वाळू गार असते म्हणून काढलं नव्हतं. सगळी पिल्लं पुढे गेली असं वाटलं. मागे सरकले. टाचेखाली काहीतरी आलं. आधी वाटलं शिंपला.

शिंपला नव्हता.

आणि मी काय केलं? ओरडले नाही. गणूमामांना हाक मारली नाही. सँडलच्या टोकाने त्यावर वाळू लोटली. मोबाइल तसाच हातात धरून चार पावलं पलीकडे जाऊन उभी राहिले आणि पुढचं शूटिंग केलं. हात हललासुद्धा नाही.

सगळं आटपल्यावर गणूमामा मागे राहिलेलं एखादं पिल्लू शोधत वाकून वाकून फिरत होते. त्यांना ते सापडलं. नेमके अण्णा तेव्हा तिथे पोचलेले, काठी टेकत. वाळूत काठीचं भोक, भोकाच्या वीतभर अलीकडे पिल्लू.

"कोनाचा पाय पडला ह्याच्यावर?"

सगळे गप्प. मी सगळ्यांत गप्प. अण्णा खाली वाकले, हाताने चाचपलं. मग म्हणाले, "मामा, माझी काठी असणार. मला दिसत नाही." आणि हात जोडले. त्या माणसापुढे, सगळ्यांसमोर. गणूमामाच ओशाळले. "जाऊ द्या गुरुजी. समुद्रात गेल्यावर मासं खातातच की. मोठा होनार त्यातला एखादाच."

अण्णा म्हणाले, "मासे खातात ते पोटासाठी. मला कुठे भूक लागली होती?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिते, कारण तेच सगळ्यांत वाईट आहे. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. सुटले असं वाटलं.

फळ्यावर गणूमामांनी लिहिलं: निघाली ४३, समुद्रात ४२.

१४ एप्रिल, मंगळवार

परतीचा प्रवास. फेरीबोटीत हन्ना म्हणाली, "आजोबा, तोच गरुड." अण्णा म्हणाले, "हं." वही निघाली नाही.

प्र. गाडी चालवत म्हणाला, "अण्णा, एका पिल्लाचं एवढं काय मनाला लावून घेता?" मी मागच्या सीटवर होते. पेण ते पनवेल, मनात वाक्य जुळवत होते. "अण्णा, एक सांगायचंय." मग टोल आला. मग ट्रॅफिक. मग घर.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात सगळ्यांना विचारायचंच होतं, कशी होती कासवं? फोटो दाखवले. बाजूच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अय्या, किती गोड! एकाला तरी हातात घ्यायचं ना." मी म्हटलं, हात लावायचा नसतो. नियम असतात.

नियम मी सांगतेय.

१९ एप्रिल, रविवार

काय लिहू.

आमच्यात रीत आहे, प्रवासातून, आजारातून, कसल्याही मोठ्या गोष्टीतून परत आलं की पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची. देवाने काय दाखवलं, कसं सांभाळलं. दोन मिनिटं. मी ठरवून ठेवलं होतं, पिल्लं कशी आपोआप पाण्याकडे वळतात ते सांगायचं. तेवढंच सांगायचं. त्यात खोटं काही नाही.

पाळकसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी उठणार एवढ्यात अण्णा उठले.

आधी त्यांनी सगळं सांगितलं. वाळूचा रंग, पिल्लाच्या पाठीवरची खवलं, लाट कशी तीनदा मागे टाकते आणि ते कसं चौथ्यांदा निघतं. शाळेत शिकवत असतील तसं. मग म्हणाले, "बेचाळीस जीव मी पाण्यात जाताना पाहिले आणि त्रेचाळिसावा माझ्या काठीखाली मेला. निर्माणकर्त्याने जे एवढ्या निगुतीने केलं ते मी बेसावधपणे मोडलं. चिमणी पडली तरी ज्याला कळतं त्याला हेही कळलंय. मी त्याची आणि तुमची क्षमा मागतो."

ते उभेच. पाय थरथरत होते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.

मी हात धरला त्यांचा.

नंतर चहाच्या वेळी बायका मला सांगत होत्या, किती नम्र माणूस, या वयात एवढं कोण कबूल करतं, नशीबवान आहेस. मी मान हलवत होते. बिस्किटांची ताटली माझ्याच हातात होती.

२१ एप्रिल, मंगळवार

अण्णा आंघोळीला गेले असताना त्यांची काळी वही उघडली. उघडायला नको होती. बारा तारखेची ओळ आहे. अक्षर वाकडं, ओळीवर ओळ चढलेली.

'कासवाची पिल्लं, बेचाळीस. धन्यवाद.'

खाली दुसरी: 'कासवाचं पिल्लू, एक. माझ्या काठीने.'

तिथे धन्यवाद नाही. त्यानंतर काहीच नाही. अकरा तारखेचा गरुडच शेवटचा मोठा पक्षी ठरायचा. डोळा असाच जायचा आणि शेवटची ओळ ही राहायची, माझी, त्यांच्या अक्षरात.

२५ एप्रिल, शनिवार

अण्णा खाडीकडच्या तळ्यावर जातच नाहीत. रोज सकाळी साडेसहाला जायचे, पाम बीच रोडचा सिग्नल ओलांडून. रोहित पक्षी असतात ना आता, तळंच्या तळं गुलाबी. त्यांना तेवढा रंग अजून दिसतो. आज मी म्हटलं, चला, मी येते बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

आले. पण रस्त्याच्या कडेलाच थांबले. बांधावर उतरेनात. "इथूनच ठीक आहे. खाली चिखलात काय काय असतं, खेकडे, निवट्या. माझ्या काठीचा भरवसा नाही."

मी म्हटलं, "अण्णा, काठीने काही झालं नसेल कदाचित."

"म्हणजे?"

आणि मी म्हणाले, "म्हणजे... आधीच मेलेलं असेल ते." वा सरोज. एका खोट्यावर दुसरं, वर दयेची साय.

ते म्हणाले, "गरम होतं गं ते. मी हात लावला ना."

परत येताना कोपऱ्यावर कोळंबी विकणाऱ्या काशीबाय भेटल्या, करावे गावच्या. मला म्हणाल्या, "गुरजी दिसत नाय आताशी? पाखरा हायत अजून, गेली नाय." अण्णांनी नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. काठी टेकवायच्या आधी जागा चाचपतात आता. प्रत्येक पाऊल. सिग्नल दोनदा हिरवा झाला तरी आम्ही मधेच.

३० एप्रिल, गुरुवार

व्हिडिओ पाठवायचा होता पाळकसाहेबांना. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून कापला. पिल्लं चालतायत, मग मोबाइल एकदम खाली झुकतो, वाळू, माझं तपकिरी सँडल, आणि. अकरा सेकंद आहेत. तेवढी काढली. जोड कळत नाही. लाटेचा आवाजही सलग वाटतो.

पूर्ण व्हिडिओ उडवला नाही. का नाही उडवला, विचार करतेय. उडवला असता तर मला मीच माफ केल्यासारखं झालं असतं बहुतेक.

४ मे, सोमवार

सुट्टीच्या शाळेचा पहिला दिवस. संध्याकाळी पाच ते सात. तीस-पस्तीस मुलं, सरबत, कागदाची कासवं. मोठ्या पडद्यावर माझा व्हिडिओ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, एकही पिल्लू वाट चुकत नाही."

मागच्या खुर्चीवर अण्णा होते. त्यांना पडदा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. हन्ना नेहमीसारखी कानाशी सांगत होती. मधेच थांबली.

५ मे, मंगळवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. सकाळपासून वाटत होतं काहीतरी होणार.

हन्नाने माझ्या मोबाइलमध्ये मूळ व्हिडिओ शोधून काढला. मी भाकरी थापत होते. ओट्याशी येऊन उभी राहिली. "ममा, काल पडद्यावर हे नव्हतं." मोबाइल माझ्यापुढे धरला. थांबवलेलं चित्र. "हे तुझं सँडल आहे. आणि याच्या जरा आधी आजोबा बघ ना, ते तर तिकडे झोपलेत. काठी पण तिकडेच."

तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, "मोबाइल दे." तिने दिला. मी ओरडले असते तर बरं झालं असतं, तिला रडता तरी आलं असतं. नुसती आत गेली.

संध्याकाळी म्हणाली, पोटात दुखतंय, सुट्टीच्या शाळेला नाही येत. याच पोरीला मी दर रविवारी दहा आज्ञा शिकवते. तिला सगळ्या पाठ आहेत.

६ मे, बुधवार

सांगितलं.

सकाळी सहा. अण्णा बाल्कनीत, चहाची वाट बघत. चहा ठेवला, समोरच्या स्टुलावर बसले. रात्रभर जुळवलेली प्रस्तावना सगळी विसरले. म्हटलं, "अण्णा, ती काठी नव्हती. माझा पाय होता."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. "कधी कळलं तुला?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे?"

"पडला तेव्हाच. मी वाळू लोटली त्याच्यावर."

खाली दूधवाल्याची स्कूटर आली आणि गेली. मग म्हणाले, "मी मामांपुढे हात जोडले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा?"

"हो."

"आणि तू माझा हात धरून मला खाली बसवलंस."

मी रडत होते. खरं सांगते, मला वाटत होतं आता ते हात पुढे करतील. डोक्यावर ठेवतील. म्हणतील, जाऊ दे सूनबाई. चांगली माणसं असंच करतात. मी त्या हाताची वाट बघत बसले होते, रडता रडता. आज सगळ्यांत जास्त लाज मला त्याची वाटतेय.

हात आला नाही. अण्णा चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पिल्लाचं मी समजू शकतो. पाय कोणाचाही पडतो. पण देवाच्या घरात उभं राहून मी जे घडलं नाही ते घडलं म्हणून सांगितलं. त्याला साक्षी ठेवून. अठ्ठ्याहत्तर वर्षांत असं कधी केलं नव्हतं मी. ते तू माझ्याकडून करवलंस."

चहा तसाच. उठून आत गेले. भिंतीला हात लावत. काठी बाल्कनीतच राहिली, ती उचलून द्यायची माझी हिंमत झाली नाही. हन्नाने नेऊन दिली.

७ मे, गुरुवार

अण्णा बोलत नाहीत. जेवतात, ताटातलं सगळं जेवतात, पण पाणी हन्नाकडे मागतात.

प्र.ला काल सांगितलं. आधी म्हणाला, "आता सांगायची काय गरज होती? विसरले असते ते." मग थोड्या वेळाने, "आणि सांगायचंच होतं तर मला का नाही आधी? मी गाडीत त्यांना म्हणत होतो, एका पिल्लाचं एवढं काय. तू मागे बसून ऐकत होतीस." मग तोही बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आमची बाल्कनी चार बाय सहा. सगळे तिथेच जाऊन रागावतात.

गणूमामांना फोन केला. होमस्टेवाल्याकडून नंबर मिळवला. सांगितलं, पाय माझा होता, वयस्कर गुरुजींचा नव्हता. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय बाय. काठीनं भोक पडतो. त्याची पाठ चपटी झाल्ती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"म्हातारा मानूस हात जोडून उभा. त्याच्याम्होरं त्याच्या घरच्या बाईला काय बोलू? वाटला, तूच बोलशील."

वाटला, तूच बोलशील. एक परका माणूस माझ्याबद्दल एवढं चांगलं धरून चालला होता.

८ मे, शुक्रवार

पाळकसाहेबांना फोन. "रविवारी मला दोन मिनिटं हवीत." ते खूश. "हो हो, तुमची साक्ष राहिलीच होती ना सुट्टीची! घ्या, पाच मिनिटं घ्या." मी म्हटलं, दोन पुरे. विषय काही त्यांना सांगितला नाही. सांगायला हवा होता का? अजून पळवाट ठेवतेय का मी? ऐन वेळी उभी राहून लाटा आणि खवलं सांगून बसायला?

हन्नाला सांगितलं की आजोबांना सांगितलंय मी. म्हणाली, "माहितीये. आजोबांनी सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या ममाने सांगितलं ते बरं केलं. पण मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही." मग तिने विचारलं, "ममा, राग आल्यावर पण बरं केलं म्हणता येतं?"

मी म्हटलं, आजोबांना येतं.

९ मे, शनिवार

सकाळी साडेसहाला दाराचा आवाज. अण्णा आणि हन्ना तळ्यावर गेले. मला कोणी बोलावलं नाही. मी खिडकीतून बघत राहिले, सिग्नलपर्यंत दिसतात. काठी टेकवायच्या आधी जागा चाचपत नव्हते. नेहमीसारखी, टेक, पाऊल, टेक, पाऊल.

आठला आले. बुटांना चिखल, म्हणजे बांधावर उतरले. काळी वही मागितली, हन्नाकडे. काय लिहिलं ते बघायला मी गेले नाही. या वेळी नाही गेले.

दुपारी कागदावर तीन ओळी लिहून काढल्या उद्याच्या. पहिल्या खेपेला अकरा झाल्या होत्या. त्यात वाळू गार होती, घाई होती, व्हिडिओ चर्चसाठीच होता, असं सगळं होतं. ते काढत काढत तीन उरल्या.

१० मे, रविवार

साडेनऊ. हॉलच्या बाहेर पायरीवर बसून लिहितेय. चप्पल घालून आले, ते सँडल घालवत नाही.

बाकीचे तिघं माझ्या आधी आले, प्र.च्या गाडीने. मी चालत आले. कोणी चल म्हटलं नाही आणि मी थांबा म्हटलं नाही. कागद पर्समध्ये आहे. तीन ओळी पाठ आहेत, तरी वाटेत तो दोनदा काढून वाचला.

आत गेले की सगळ्या माना वळणार. त्या दिवशी बिस्किटं खात नशीबवान म्हणणाऱ्या बायका. पस्तीस मुलं, ज्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब. जे म्हणतील ते म्हणोत. मला भीती त्यांची नाही. मी बोलून खाली बसताना पाय थरथरले तर काय, एवढीच भीती आहे.

इथून दारातून तिसरी रांग दिसते. कडेला प्र., मग हन्ना, मग अण्णा. अण्णांच्या पलीकडची प्लास्टिकची खुर्ची रिकामी आहे. तिच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत काठी आडवी ठेवलीये. एरवी ती भिंतीला टेकून असते. मघाशी एक बाई तिथे बसायला आल्या, तेव्हा अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं.

माझ्यासाठी आहे का? की नुसतीच ठेवलीये? त्यांना विचारता येणार नाही, चार दिवस झाले, बोलत नाहीत माझ्याशी.

आणखी एक जण आले, त्यांनाही नाही म्हणाले.

कीबोर्ड सुरू झाला. उठते.